दोघांचं पथ्य

"आधी दहा किलो उतरवून या, मग मी पोटाला हात लावतो," असं मुंबईच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तेव्हा शालनला हसूच आलं. दहा किलो आपणहून उतरवता आले असते, तर ती त्यांच्या दारात कशाला आली असती?

त्र्याण्णव सालची गोष्ट. शालन उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, विठ्ठलवाडीजवळच्या मराठी शाळेत शिक्षिका होती. नवरा भीमराव अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्यात फिटर. राहायला तिथंच, कारखान्याच्या मागच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. मूलबाळ झालं नाही. लग्नात शेलाटी असलेली शालन पस्तिशी येईस्तोवर इतकी वाढली, की शाळेचा जिना चढताना मधल्या पायरीवर उभं राहून छातीवर हात धरावा लागे. साखर निघाली. गुडघे गेले. झोपेत श्वास अडकायला लागला. भीमराव तिच्या दंडावर हात ठेवून झोपायचा. श्वास थांबला की हलवायचा. त्याची झोप किती मोडत असेल, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही.

उपाय सगळे झाले होते. लिंबू-मध झालं, मेथीचं पाणी झालं, कुणाच्या तरी मावशीनं सांगितलेला कडू काढा झाला. चार किलो जात आणि सहा परत येत. मग शाळेत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळातल्या एका सर्जनकडं पाठवलं. ते परदेशी शिकून आले होते. पोटाला आतून टाके घालून मुठीत मावेल एवढी पिशवी करायची. चार घास खाल्ले की माणूस भरतो. वस्तीत असलं काही कुणी ऐकलं नव्हतं.

"खाणं कमी करायला पोट फाडतात होय?" सुंदराबाई आक्का म्हणाल्या. आक्का म्हणजे भीमरावची थोरली बहीण, बदलापूरला दिलेली. आईमागं त्यांनीच भावाला लहानाचं मोठं केलं होतं. "हाताला आवर घालायचा की गं. दोन भाकऱ्यांच्या जागी एक खायची. त्याला डॉक्टर कशाला?"

शालन काय सांगणार? भूक निराळी आणि हे निराळं. भूक पोटात लागते, जेवलं की शमते. हे भरल्या पोटीही यायचं. फळ्यावर गणित लिहिता लिहिता जबडा दुखायला लागे, तोंडाला पाणी सुटे, आणि मग पोरं, गणित, फळा सगळं पुसट होऊन एकच गोष्ट डोळ्यांपुढं उभी राही. खाल्लं, की पहिल्या दोन घासांना सुख. पुढचे सगळे घास नुसते जात राहायचे, आणि शेवटी लाज.

पण ऑपरेशनच्या नावानं तिनं नेट धरला. इस्पितळातल्या आहाराच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणं सकाळी ताक, दुपारी मुगाचं कढण आणि उकडलेला दुधी, रात्री पुन्हा कढण. भात बंद, भाकरी बंद, तळलेलं तर डोळ्यांनी बघायचंही नाही. पहिला आठवडा डोकं ठणकलं, दुसऱ्यात अंग हलकं वाटायला लागलं. आणि एके दिवशी बारा वाजता शाळा सुटल्यावर तिचे पाय आपसूक कॅम्पातल्या सिंध्याच्या गाडीकडं वळले. कुरकुरीत पकवान, त्यावर घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि चिरलेला कांदा. तिनं उभ्या उभ्या दोन प्लेटी संपवल्या. दुसऱ्या दिवशी ठरवलं, आता नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली.

इस्पितळात काट्यावर उभी राहिली, तर वजन आधीपेक्षा वर. डॉक्टर रागावले नाहीत. ठरलेली तारीख त्यांनी दुसऱ्या पेशंटला दिली आणि पुढच्याला आत बोलावलं.

बाहेर बाकावर बसून शालन रडली. "अहो, मी खात होते," ती म्हणाली. "शाळा सुटल्यावर."

"माहितंय," भीमराव म्हणाला.

"कसं काय?"

"पदराला डाळीचा वास यायचा ना, बाई." तो तिला लाडानं बाई म्हणायचा, शाळेतली पोरं म्हणतात तसं.

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं खांदे उडवले. मग म्हणाला, "चूक माझीच आहे. तू कढण पितेस आणि मी समोर बसून मटणभाकरी चापतो. कसा जीव राहील तुझा? आजपासून तुझ्या ताटात तेच माझ्या ताटात. तू एकटी नाहीस करायची हे."

आणि त्यानं ते केलं. खाण्याचा शौकीन माणूस, रविवारी वजडीसाठी सकाळीच खाटकाच्या दारात उभा राहणारा. पण त्या दिवसापासून घरात वेगळं भांडं चढलं नाही. शालन म्हणायची, निदान कॅन्टीनमध्ये तरी पोटभर खात जा. तो म्हणायचा, "कॅन्टीनचं तेलकट हल्ली सोसत नाही मला. छातीत जळजळतं. हे कढणच बरं वाटतं बघ." शालनला वाटलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलतोय. ती शाळेतून निघाली की तो, दुसरी पाळी असेल तर, विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुलाखाली येऊन उभा राहायचा. गाडीवरून पकवानाचा वास आला, की तिची पिशवी आपल्या हातात घेऊन भराभर चालायला लागायचा. दिवाळी सरली तेव्हा दहाच्या जागी बारा किलो उतरले होते.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पहिलं पाणी मिळालं ते झाकणभर. तेवढंही गिळताना छातीत दगड उतरल्यासारखं झालं. मग भाताची पेज, गाळलेलं डाळीचं पाणी, तेही चमच्यानं, दोन चमच्यांमध्ये दम खाऊन. महिन्यानं मऊ गुरगुट्या भात. घाईनं एक घास गेला, की तो वरच अडकायचा, तोंडाला फेस यायचा आणि मोरीकडं धाव. जेवताना पाणी नाही. घास चावून चावून त्याचं पाणी होईतोवर गिळायचं नाही.

पोट लहान झालं, पण डोकं तेवढंच राहिलं. हे कुणी सांगितलं नव्हतं. शेजारी बोंबील तळायला लागले, की शालनला वेड लागायची पाळी यायची. पोट नको म्हणायचं आणि जीभ हवं म्हणायची. एकदा ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "मला कापलं ते चुकीच्या जागी कापलं हो." भीमरावनं चप्पल घातली, तिची चप्पल पुढं ठेवली आणि म्हणाला, "चल." मग दोघं वालधुनी नदीच्या कडेनं जुन्या शिवमंदिरापर्यंत चालत गेली. ते त्यांचं रोजचंच झालं. जाताना ती बोंबलांबद्दल बोलायची, त्यांना तिखट कसं लावायचं, रव्यात कसे घोळायचे. तो नुसता हं हं करायचा. परत येईतोवर शेजारची चूल विझलेली असायची.

वजन उतरत गेलं. केस गळले, चेहरा ओढला, पण गुडघे वाकायला लागले, शाळेचा जिना ती एका दमात चढली. रात्रीचा श्वास सरळ झाला. भीमरावला आता हात ठेवून झोपायची गरज नव्हती. तरी तो ठेवायचाच.

आणि तोही उतरत गेला. आधी पोट गेलं, मग गालफडं बसली. कारखान्यात थट्टा व्हायची, "ऑपरेशन वहिनींचं आणि बारीक झाला भीमराव!" तो हसायचा. वस्तीतल्या बायका शालनला म्हणायच्या, नवरा असावा तर असा. शालनला आतून फुलून यायचं.

मे महिन्यात भाचीचं लग्न निघालं. दोघांचे जुने कपडे अंगावर राहीनात, म्हणून एका संध्याकाळी ती दोघं उल्हासनगरच्या बाजारात गेली. शालननं अबोली रंगाची साडी घेतली आणि तयार ब्लाउज मागितलं. आजवर तिच्या मापाचं तयार ब्लाउज कधी मिळालंच नव्हतं. पलीकडं भीमराव पँट घालून बघत होता. दुकानदारानं कमरेचा एक नंबर कमी दिला, तोही ढगळ झाला, मग आणखी एक. "क्या बात है भाऊ, एकदम हीरो! भाभी, नजर उतारो इनकी," सिंधी दुकानदार म्हणाला. आरशात दोघं शेजारी शेजारी उभी होती. शालननं त्याच्या कॉलरची घडी नीट केली. मानेची हाडं बोटांना लागली. तिला वाटलं, लग्नात होता तस्सा दिसतोय. एवढंच तिला वाटलं. लग्नानंतर इतका आनंदाचा दिवस तिच्या वाट्याला आला नव्हता.

पावसाळ्यानंतर तो जेवताना मधेच थांबायला लागला. "तुझ्यासारखंच होतंय गं मला," तो छातीच्या मधोमध बोट ठेवून म्हणाला. "घास इथं अडकतो."

"चावत नाही तुम्ही नीट," शालन म्हणाली. आता या विषयात ती मास्तरीण झाली होती. "सावकाश खा. दोन घासांत थांबा. मधे पाणी नको." तिनं त्याला आपल्या सगळ्या युक्त्या शिकवल्या. त्यानं मुलासारख्या त्या ऐकल्या. तरी एकदा तिनं मुद्दाम त्याच्यासाठी, वर्षभरानं पहिल्यांदाच, खिमा केला, तर दोन घास खाऊन तो मोरीत गेला आणि सगळं बाहेर पडलं. शालन दमून शाळेतून आलेली, तासभर ओट्यापाशी उभी राहिलेली. तो वास नाकात घेत, एक बोटही न चाटता तिनं तो खिमा शिजवला होता. तिच्या तोंडून गेलं, "ऑपरेशन माझं झालंय, तुमचं नाही. नाटकं करू नका."

भीमरावनं तोंड धुतलं. "बरं," म्हणाला. आणि परत ताटावर येऊन बसला.

त्यानंतर त्यानं तिच्यासमोर कधी तक्रार केली नाही.

पंच्याण्णवच्या जानेवारीत शालन वर्षाच्या तपासणीला गेली. डॉक्टरांनी काटा बघितला, पोट दाबून बघितलं, खूश झाले. विद्यार्थ्यांना बोलावून तिला दाखवलं. मग दारापाशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या भीमरावकडं त्यांची नजर गेली.

"हे कोण?"

"मालक माझे," शालन म्हणाली. "ओळखलं नाहीत ना? सगळे हेच म्हणतात. माझ्याबरोबर पथ्य करून बारीक झाले."

डॉक्टर हसले नाहीत. "इकडं या, साहेब," ते म्हणाले. त्यांनी त्याच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, गळ्याच्या खड्ड्यात बोटं घातली आणि ती बोटं तिथंच थांबली. "किती दिवस घास अडकतोय?"

भीमरावनं आधी शालनकडं बघितलं. मग म्हणाला, "पावसाळ्यापासून. जळजळ त्याच्या आधीची."

"आधीची म्हणजे?"

"हिचं ऑपरेशन व्हायच्या आधीची."

शालन तिथंच स्टुलावर बसली. विद्यार्थी अजून तिच्याचकडं बघत उभे होते.

दुर्बीण घातली, तुकडा काढला. पोटाच्या तोंडाशीच कॅन्सर होता आणि तो गळ्यापर्यंत, यकृतापर्यंत पोचला होता. ज्या डॉक्टरांनी शालनचं पोट हौसेनं शिवलं, त्यांनी भीमरावच्या पोटाला हात लावला नाही. शालननं त्यांना एकटीनं गाठून विचारलं, "डाएटमुळं झालं का? माझ्यामुळं?" ते म्हणाले, "नाही हो. डाएटनं हे होत नाही." आणि पुढं म्हणाले, "डाएटमुळं एवढंच झालं, की ते कुणाला दिसलं नाही." माणूस खरं बोलणारा होता. पण खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

घरी पुन्हा पेज शिजायला लागली, गाळलेलं डाळीचं पाणी निघायला लागलं. तोच चमचा, तीच वाटी. शालननं बिनपगारी रजा टाकली. दोन चमच्यांमध्ये किती दम खायचा, उशी कुठं लावायची, तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

भीमरावला आता खाण्याच्या आठवणी येत. ज्या माणसानं दीड वर्ष तोंडातून खाण्याचा शब्द काढला नव्हता, तो उन्हात खाटेवर पडून बोलायचा. सुकटीची चटणी. आक्काच्या हातची तांदळाची भाकरी. जयंतीच्या मिरवणुकीनंतर मिळणारी गरम बुंदी.

एका रविवारी म्हणाला, "बाई, मटण कर ना."

"तुम्हाला जाणार नाही हो."

"मला कुठं खायचंय? वास घेतो. तू खा, मी बघतो. लई दिवस झाले तुला मनापासून खाताना बघितलं नाही."

तिनं मटण केलं. कांदा-खोबरं भाजून, सगळं वाटण पाट्यावर वाटून. ताट घेऊन ती त्याच्यासमोर बसली. पहिला घास, दुसरा, तिसरा. चौथ्याला पोट भरलं. तो उशीवर कोपर टेकून बघत होता, डोळ्यांत कितीतरी दिवसांनी चमक होती. "हाडूक घे ते. नळी चोख," म्हणाला. तिनं नळी चोखली. भाकरी मोडली. पिशवी तटतटून दुखायला लागली, कपाळाला घाम आला, तरी ती हसत हसत खात राहिली. "छान झालंय?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. बोलायला तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच बाहेर आलं असतं. तो डोळे मिटून मागं टेकला, तशी ती उठली, मोरीचं दार लावून घेतलं आणि नळ मोठा सोडून ओकली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं पदर तोंडात कोंबला.

बाहेर आली तेव्हा भीमराव जागाच होता. "कशाला एवढं खाल्लंस गं?" तो हळूच म्हणाला. तिनं त्याचे पाय चेपायला घेतले.

जूनच्या सुरुवातीला तो गेला. भर दुपारी, तिच्या हातून पाण्याचा चमचा घेताना. पाणी ओठाच्या कडेनं वाहून गेलं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्ते गाथा म्हणून निघाले, पंगत बसली, आणि आक्कांचा इतके दिवस धरून ठेवलेला बांध फुटला. "उपाशी मारलंस माझ्या भावाला!" सगळ्यांदेखत त्या ओरडल्या. "पंधरा वर्षं खाऊन खाऊन तू फुगलीस, आणि त्याची शिक्षा त्यानं भोगली. तुझं वजन उतरलं ना? झालं ना तुझ्या मनासारखं?" कुणीतरी त्यांना धरून बाहेर नेलं. डॉक्टर काय म्हणाले ते शालनला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. भाऊ गेलेल्या बाईशी कसला वाद घालायचा?

पुढं काय होईल याची डॉक्टरांना भीती होती, ती वेगळीच होती. दुःखात पेशंट गोडाकडं वळतात, आइस्क्रीम, चहा, शिरा, पातळ गोड सगळं सरसर उतरतं आणि वजन परत येतं, असं आहाराच्या बाई म्हणाल्या होत्या. शालनचं उलट झालं. तिची वासनाच मेली. कॅम्पातल्या गाडीवरून ती रोज जायची. पकवान नुसतं तळलेलं पीठ दिसायचं. बोंबलाचा वास नुसता वास असायचा. जन्मभर जिच्याशी झुंजली ती जबड्यातली कळ गेली होती, आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. घड्याळ बघून चार घास गिळायचे, कारण गिळले नाहीत तर वर्गात चक्कर यायची. डॉक्टर म्हणाले, आता वजन उतरता कामा नये. ती बरं म्हणाली. वजन उतरतच राहिलं.

वर्ष भरलं तेव्हा आक्कांनी बदलापूरला वंदना ठेवली. शालनला निरोप दुसऱ्याकरवी आला. ती गेली. आक्कांनी सगळ्यांसारखंच भरलेलं ताट तिच्यापुढं ठेवलं आणि एक शब्द न बोलता पुढं गेल्या. शालननं वरणभाताचे तीन घास खाल्ले. निघताना पाया पडायला वाकली, तर आक्कांनी पाय मागं घेतले नाहीत. पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

ती एकटीच स्टेशनच्या रस्त्यानं चालत आली. कडेला ठाकरणी पाट्या घेऊन बसल्या होत्या. एका म्हातारीच्या पाटीत जांभळं होती, टपोरी, काळीभोर, देठाशी धूळ चढलेली. शालन ती ओलांडून पुढं गेली. आणि चार पावलांवर एकदम थांबली. कानाखाली कळ आली होती. तोंडाला पाणी सुटलं होतं.

ती तिथंच उभी राहिली. त्याला जाऊन एक वर्ष झालं, आणि आज, त्याच्याच वंदनेवरून येताना, या शरीराला काहीतरी खावंसं वाटत होतं. आपल्या शरीराची तिला इतकी चीड आजवर कधी आली नव्हती. तरी पाय मागं वळले.

म्हातारीनं पळसाच्या पानाचा द्रोण भरून दिला. शालन भिंतीच्या सावलीला टेकली. एक जांभूळ तोंडात घातलं, गर सावकाश चावला, बी थुंकली. गोड, तुरट, मग पुन्हा गोड. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या.

"आंबट निघाली का गं बाय?" म्हातारी म्हणाली. "थांब, दुसरी देतंय."

"नाही आजी," शालन म्हणाली. "गोड आहेत."

सहा जांभळांत पोट भरलं. उरलेल्या द्रोणाकडं ती बराच वेळ बघत राहिली. मग तोंड पुसलं, द्रोण रुमालात बांधला आणि घरी आली. सकाळी शाळेत जायच्या आधी तिनं ती जांभळं पाण्यात धुतली आणि उंबऱ्यात बसून एकेक करून खाल्ली.